वाचकांचे प्रश्न : स्टुडिओतील नेटवर्क आणि सॅम्पलची वेळ

ध्वनिमुद्रणासाठी संगणक, मिक्सर आणि इंटरफेस (आवाज संगणकात नेणारे आणि बाहेर आणणारे उपकरण) एकमेकांना नेटवर्कने जोडण्याविषयी या वेळी बरीच पत्रे आली. त्यांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या पत्रातील अडचण इतर बहुतेक प्रश्नांच्याही मुळाशी असल्यामुळे तिचे उत्तर अधिक विस्ताराने दिले आहे.

प्रश्न : आमच्या स्टुडिओत मुद्रणाचा मोठा कक्ष, कंट्रोल रूम आणि वरच्या मजल्यावर संकलनाची खोली आहे. आजवर आम्ही जाड मल्टिकोर केबल (एकाच वेष्टणात अनेक माइकच्या तारा) वापरत होतो. आता डान्टे पद्धतीचा, म्हणजे नेटवर्कच्या तारेतून आवाज पाठवणारा, मिक्सर आणि ३२ माइक जोडता येतील असा स्टेजबॉक्स घेतला आहे. ही उपकरणे, दोन्ही संगणक, ऑफिसचा प्रिंटर आणि इंटरनेटचा राउटर हे सारे एका गिगाबिट स्विचवर (नेटवर्कच्या तारा एकत्र जोडणाऱ्या पेटीवर) आहे. मुद्रणात मधूनच क्लिक ऐकू येतात. विक्रेत्याच्या मते स्विचला भार झेपत नाही, म्हणून दहा गिगाबिटचा स्विच घ्यावा. हे बरोबर आहे का? (कोल्हापूरहून एक ध्वनिमुद्रक)

उत्तर : आपल्या प्रश्नाचा एक भाग साध्या हिशेबाने सुटतो, तो आधी पाहू. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट या प्रमाणात मुद्रण करताना एका माइकपासून सेकंदाला ४८,००० सॅम्पल तयार होतात आणि प्रत्येक सॅम्पलला २४ बिट लागतात. म्हणजे एका चॅनेलला सेकंदाला ११ लाख ५२ हजार बिट. आपले ३२ चॅनेल मिळून हे सुमारे ३७ मेगाबिट होतात. नेटवर्कवर आवाज छोट्या छोट्या पॅकेटांत जातो आणि प्रत्येक पॅकेटवर पत्ता आणि इतर माहिती असते, तिच्यामुळे यात थोडी भर पडते. आपल्या स्विचच्या एकेका जोडणीची क्षमता १,००० मेगाबिट आहे. तेव्हा तारेत जागा भरपूर आहे, आणि दहा गिगाबिटचा स्विच घेतल्याने क्लिक थांबतील असे मला वाटत नाही. तो खर्च आपण तूर्त करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

अडचण वेळेची आहे. सॅम्पल म्हणजे आवाजाचे एका ठराविक क्षणी घेतलेले माप, आणि ४८ किलोहर्ट्झला दोन मापांतील अंतर सुमारे २०.८ मायक्रोसेकंद असते. स्टेजबॉक्स ही मापे घेतो, मिक्सर ती मोजून घेतो आणि संगणक ती लिहून ठेवतो. तिघांच्याही पोटात स्फटिकावर चालणारे आपापले क्लॉक असते आणि कोणतेही दोन स्फटिक तंतोतंत सारखे नसतात. दोन क्लॉकमध्ये दहा लाखांत २० भागांचा, म्हणजे स्फटिकांच्या दृष्टीने अगदी सामान्य असा फरक धरला, तर दर सेकंदाला जवळजवळ एक सॅम्पल मागेपुढे होते. देणाऱ्याने ४८,००१ मापे दिली आणि घेणाऱ्याने ४८,०००च मोजली, तर उरलेल्या एका मापाला जागा मिळत नाही. ते गळते, लहर मध्येच तुटते आणि त्या तुटीचा आवाज आपल्याला क्लिक म्हणून ऐकू येतो. म्हणून सर्व उपकरणांनी एकाच क्लॉकवर चालणे ही डिजिटल मुद्रणाची पहिली अट आहे.

पूर्वी ही अट पाळण्यासाठी वर्ड क्लॉकची स्वतंत्र केबल एका यंत्रातून दुसऱ्यात नेत असत. नेटवर्कवर तेच काम पीटीपी नावाची पद्धत करते. जोडलेल्या उपकरणांपैकी एक उपकरण लीडर ठरते आणि इतरांना ठराविक काळाने वेळेचे संदेश पाठवते. ते संदेश पोचायला किती वेळ लागतो हे मोजून इतर उपकरणे आपले क्लॉक जुळवून घेतात. ही मोजणी बिनचूक राहायची असेल, तर संदेशांना लागणारा वेळ दर वेळी सारखा असावा लागतो. थोडा उशीर झाला तरी बिघडत नाही. उशीर कमीजास्त होत राहिला, की क्लॉक डळमळते. आता आपल्या स्विचचे चित्र डोळ्यांसमोर आणा. ऑफिसमधील कोणी मोठी फाइल उतरवून घेत आहे. तिचे १,५०० बाइटांचे एकेक पॅकेट गिगाबिट तारेतून जायला १२ मायक्रोसेकंद घेते आणि १०० मेगाबिट तारेतून १२० मायक्रोसेकंद. अशी काही पॅकेटे पुढे उभी असतील, तर वेळेचा संदेश त्यांच्या मागे रांगेत थांबतो, पुढचा संदेश मात्र न थांबता जातो, आणि दोहोंमधील हा फरक काही सॅम्पलांएवढा होऊ शकतो.

यावरचा उपाय म्हणजे स्विचला कोणाला आधी सोडायचे हे सांगणे, ज्याला क्यूओएस म्हणतात. डान्टे उपकरणे आपल्या प्रत्येक पॅकेटवर डीएससीपी नावाचा क्रमांक लिहितात: वेळेच्या संदेशांवर ५६ आणि आवाजाच्या पॅकेटांवर ४६. मॅनेज्ड स्विचमध्ये, म्हणजे ज्याचे नियम आपल्याला ठरवता येतात अशा स्विचमध्ये, ५६ला सर्वांत वरची रांग, ४६ला तिच्या खालची आणि बाकी सर्वांना शेवटची रांग द्यावी. आपला स्विच मॅनेज्ड नसेल, तर प्रिंटर, राउटर आणि ऑफिसचे सारे संगणक त्यावरून काढून दुसऱ्या साध्या स्विचवर न्यावेत. हा बदल अल्प खर्चाचा आहे. तो आजच करावा.

दुसरी गोष्ट वीज वाचवणाऱ्या सोयीची आहे, आणि तिच्यात माझे स्वतःचे दोन आठवडे गेले असल्यामुळे ती जरा सविस्तर सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एका दुकानातून नवा स्विच आणला. वाद्यवृंदाचे २४ माइक चालू असताना सारे व्यवस्थित असे. मात्र एखाद्या गायिकेची आलापी दोनच माइकवर घेऊ लागलो, की शांत जागी क्लिक येत. मी केबल बदलल्या, संगणक बदलून पाहिला, विजेचे अर्थिंगही तपासून घेतले. शेवटी कळले, की त्या स्विचमध्ये तारेवरची वर्दळ कमी झाली की जोडणीला झोपवून वीज वाचवण्याची सोय होती. ८०२.३एझेड या मानकातील ही सोय ऑफिससाठी उत्तम आहे, पण झोपलेल्या जोडणीला जागे होण्यास लागणारा वेळ पीटीपीच्या मोजणीत शिरतो. तेव्हा आपल्या स्विचच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात एनर्जी एफिशियंट इथरनेट किंवा ग्रीन इथरनेट असे शब्द आहेत का, ते पाहा. ती सोय बंद करता येत असेल तर बंद करा, आणि बंद करता येत नसेल तर तो स्विच ऑफिसला देऊन टाका.

तपासणीचा क्रम असा ठेवावा. डान्टे कंट्रोलर या प्रणालीत क्लॉकच्या स्थितीचे पान असते. तेथे लीडर एकच दिसतो का, तो वारंवार बदलतो का आणि प्रत्येक उपकरण जुळलेले दिसते का, हे आधी पाहावे. स्टेजबॉक्स किंवा मिक्सर, जे यंत्र कधीच बंद होत नाही, त्याला प्रिफर्ड लीडर करावे. त्यानंतर सर्व उपकरणांचा सॅम्पल रेट एकच आहे याची खात्री करावी. एवढे झाल्यावर क्लिक राहिलेच, तर केबलकडे वळावे. तांब्याची केबल १०० मीटरच्या आत असावी आणि तिची टोके चिमट्याने नीट दाबलेली असावीत. त्याहून लांब जायचे असेल तर ऑप्टिकल फायबर घ्यावी.

मल्टिकोर सोडून या पद्धतीकडे येण्याचा निर्णय मात्र आपण योग्यच घेतला. दोन खोल्यांतील अर्थिंगमध्ये फरक असला की मल्टिकोरमध्ये जी घरघर शिरते, ती येथे शिरत नाही, कारण इथरनेटच्या प्रत्येक जोडणीत छोटा ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्यामुळे दोन यंत्रे विजेच्या दृष्टीने अलग राहतात.

प्रश्न : गायिकेला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज किंचित मागून येतो असे वाटते. संगणकाचा बफर (सॅम्पल काही काळ साठवण्याची जागा) २५६ सॅम्पलचा आहे. नेटवर्कची लेटन्सी, म्हणजे उशीर, तर फक्त १ मिलिसेकंद आहे. शिवाय मैफलीत तबलावादक दोन मीटरवर बसलेला असतो, तेथेही आवाज उशिराच पोचतो आणि कोणाची तक्रार नसते. मग येथेच त्रास का व्हावा? (पुण्याहून एक ध्वनिमुद्रक)

उत्तर : आपले निरीक्षण फार चांगले आहे. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे दोन मीटरला जवळजवळ ६ मिलिसेकंद लागतात, आणि आपले कलावंत पिढ्यान्‌पिढ्या एवढ्या अंतरावरून एकमेकांना साथ करत आले आहेत. पण तो दुसऱ्याचा आवाज असतो. गायिकेचा स्वतःचा आवाज तिला जबड्याच्या आणि कवटीच्या हाडांतून तत्क्षणी ऐकू येतो. हेडफोनमधून तोच आवाज थोड्या उशिराने आला, की दोन्ही एकमेकांत मिसळतात. उशीर १ मिलिसेकंदाचा असेल तर ५०० हर्ट्झच्या आसपासचा भाग आणि त्यापुढे १,५०० हर्ट्झच्या आसपासचा भाग एकमेकांना खातो आणि आवाज पोकळ वाटतो. उशीर १० मिलिसेकंदांच्या पुढे गेला की मागून कोणी आपलेच गाणे म्हणत असल्यासारखे वाटू लागते. ज्या गायिकेचे सारे लक्ष स्वर लावण्याकडे आहे, तिला हा त्रास होणे अगदी स्वाभाविक आहे. तिला सवय करून घ्यायला सांगू नये.

आपल्याकडे उशीर कोठे होतो ते पाहा. नेटवर्कचा १ मिलिसेकंद आपण सांगितलात. पण आवाज संगणकात शिरताना २५६ सॅम्पलच्या बफरला ५.३ मिलिसेकंद लागतात, बाहेर पडताना पुन्हा तेवढेच लागतात, आणि नेटवर्क दोन्ही वेळा पार करावे लागते. आवाजाचे आकड्यांत आणि आकड्यांचे आवाजात रूपांतर धरून हा प्रवास १२ मिलिसेकंदांच्या पुढे जातो. बफर ६४ सॅम्पलचा केला तर बफरचा एकेक टप्पा १.३ मिलिसेकंदांवर येतो, मात्र संगणकावर ताण येतो आणि त्याला वेळेत काम पुरे करता आले नाही तर पुन्हा क्लिक येतात.

माझा सल्ला असा, की गायिकेचा कोरा आवाज संगणकात नेऊन परत आणूच नये. तो स्टेजबॉक्समधून मिक्सरमध्ये आणि तेथूनच हेडफोनमध्ये द्यावा. संगणकाकडे त्याची दुसरी प्रत फक्त मुद्रणासाठी जाऊ द्यावी. नेटवर्कवर एकाच माइकचे चॅनेल एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवता येते, ही या पद्धतीची मोठी सोय आहे. गायिकेला रिव्हर्ब हवा असेल, तर संगणकातून केवळ रिव्हर्ब पाठवावा, मूळ आवाज त्यात मिसळू नये. सभागृहातला प्रतिध्वनी मुळातच उशिरा येत असल्यामुळे रिव्हर्ब दहा-बारा मिलिसेकंद उशिरा आला तर कोणाच्याही कानाला खटकत नाही. एवढे केल्यावर बफर २५६ काय, ५१२ ठेवला तरी चालेल.

प्रश्न : इमारत जुनी आहे, भिंतीतून तारा नेता येत नाहीत. हेच काम वाय-फायवर होईल का? (रत्नागिरीहून एक वाचक)

उत्तर : माइकचे चॅनेल पाठवण्यासाठी होणार नाही. वाय-फायमध्ये सर्व उपकरणे एकाच हवेतून आळीपाळीने बोलतात, पॅकेट हरवले तर ते पुन्हा पाठवावे लागते, आणि त्यामुळे उशीर सतत बदलत राहतो. तो बदलता उशीर क्लॉकला काय करतो हे वर आलेच आहे. टॅब्लेटवरून मिक्सरचे फेडर हलवण्यासाठी वाय-फाय खुशाल वापरावे. भिंत फोडता येत नसेल तर चौकटीच्या कडेने चपटी केबल किंवा बारीक फायबर नेता येते. कोकणातल्या दमट हवेत केबलच्या टोकांवर लवकर गंज चढतो, म्हणून टोके पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासावीत.

प्रश्न : आमच्याकडे रॅव्हेना पद्धतीचा चांगला इंटरफेस आहे आणि आता डान्टेचा मिक्सर घेत आहोत. दोन्ही एकमेकांशी बोलतील का? (ठाण्याहून एक संगीत संयोजक)

उत्तर : बोलतील, मात्र दोघांनाही समजणाऱ्या तिसऱ्या भाषेत. प्रत्येक उत्पादकाने आपापली पद्धत काढल्यामुळे ही अडचण जुनी आहे. अमेरिकेतील पीक ऑडिओ या कंपनीची कोब्रानेट पद्धत १९९६ साली आली, ऑस्ट्रेलियातील सिडनीच्या ऑडिनेटची डान्टे पद्धत २००६ नंतर आली, जर्मनीतून रॅव्हेना आली. त्यानंतर ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने २०१३ साली एईएस६७ हे मानक प्रसिद्ध केले, ज्यात निरनिराळ्या पद्धतींना परस्परांशी देवाणघेवाण करता यावी म्हणून किमान समान नियम ठरवले आहेत. आपल्या मिक्सरला एईएस६७ची सोय आहे याची खरेदीपूर्वी लेखी खात्री करून घ्यावी, कारण सर्वच डान्टे उपकरणांना ती नसते.

जोडताना तीन गोष्टी सांभाळाव्या लागतील. सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झच ठेवावा. डान्टे स्वतःच्या कामासाठी पीटीपीची पहिली आवृत्ती वापरते आणि एईएस६७ दुसरी, त्यामुळे दोन्ही आवृत्त्यांचा मेळ घालणारे एखादे डान्टे उपकरण नेटवर्कवर असावे लागते; एईएस६७ची सोय चालू केलेला मिक्सर हे काम करू शकतो. तिसरी गोष्ट अशी, की डान्टेमधून हे चॅनेल मल्टिकास्ट पद्धतीने, म्हणजे सर्वांना उद्देशून पाठवले जातात. स्विचमध्ये आयजीएमपी स्नूपिंग (ज्याला हवे त्याच्याच तारेत असे चॅनेल पाठवण्याची सोय) चालू नसेल तर ते खरोखरच प्रत्येक तारेत जाऊन पडतात आणि १०० मेगाबिट जोडणी असलेली छोटी उपकरणे गुदमरतात. यासाठी मॅनेज्ड स्विच घेण्यावाचून गत्यंतर नाही.

प्रश्न : माझी बहीण न्यू जर्सीत असते आणि उत्तम गाते, मी पुण्यात तबला वाजवतो. दोघांकडे वेगवान इंटरनेट आणि चांगले इंटरफेस आहेत. आम्हाला एकाच वेळी गाऊन-वाजवून मुद्रण करता येईल का? (पुण्याहून एक वादक)

उत्तर : आपली इच्छा मला मनापासून समजते, म्हणूनच स्पष्ट सांगतो, की लयीचे गाणे एकाच वेळी होणार नाही, आणि यात आपल्या इंटरनेटचा दोष नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. पुणे ते न्यू जर्सी हे पृथ्वीच्या पाठीवरचे सरळ अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर धरले, तर एका दिशेलाच किमान ६२ मिलिसेकंद लागतात. समुद्राखालच्या केबल सरळ रेषेत जात नाहीत आणि वाटेतली यंत्रे आपापला वेळ घेतात, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा याहून बराच मोठा असतो. मिनिटाला २४० मात्रांची द्रुत लय घ्या. एका मात्रेला २५० मिलिसेकंद, आणि तिच्यात आपण ‘तिरकिट’ वाजवलेत तर प्रत्येक अक्षराला ६२.५ मिलिसेकंद. म्हणजे आपण ‘ति’ वाजवलेली बहिणीला, भौतिकशास्त्र परवानगी देईल तेवढ्या वेगाने, ‘र’च्या जागी ऐकू येईल. ती त्याला धरून गायली तर तिचे गाणे आपल्याकडे आणखी एक अक्षर मागे येईल, आपण तिच्यासाठी थांबाल, ती आपल्यासाठी थांबेल आणि लय उतरत जाईल. एका दिशेचा उशीर सुमारे २५ मिलिसेकंदांच्या आत असेल तर वादक सांभाळून घेतात, असा सर्वसाधारण अनुभव आहे. पुणे आणि मुंबई या दरम्यान तारेने जोडलेले संगणक आणि जॅमुलस किंवा स्टॅनफर्ड विद्यापीठात घडलेली जॅकट्रिप अशा प्रणाली वापरून ते जमण्यासारखे आहे.

दुसरा मार्ग अनेकांना सुचतो: बोलणे इंटरनेटवर करावे, मुद्रण आपापल्या संगणकावर करावे आणि फाइली नंतर सुरुवातीला वाजवलेल्या टाळीवर जुळवाव्यात. त्यात पहिल्या पत्रातील क्लॉक पुन्हा आडवे येते. दोन इंटरफेसमध्ये दहा लाखांत २० भागांचा फरक असेल, तर तासाभरात दोन फाइली ७२ मिलिसेकंदांनी सरकतात. सुरुवातीची टाळी जुळेल आणि शेवटची तिहाई समेवर येणार नाही.

म्हणून एकाने आधी मुद्रण करावे. भावगीत किंवा अभंग असेल तर आपण ठेका आणि लयीचे ठोके मुद्रित करून ती फाइल पाठवावी. बहिणीने ती स्वतःच्या संगणकावर वाजवत त्याच इंटरफेसवरून आपला आवाज मुद्रित करावा. तेथे ठेका आणि आवाज एकाच क्लॉकवर मोजले जातात, त्यामुळे तिची फाइल आपल्याकडे आल्यावर सॅम्पलला सॅम्पल जुळते, मग ती कितीही लांबीची असो. ख्यालासाठी मात्र उलटा क्रम योग्य ठरेल: तिने तानपुरा आणि साध्या ठेक्याच्या आधारावर गावे, आणि आपण तिचे गाणे मन लावून दोन-चार वेळा ऐकून मग खरा तबला वाजवावा. तिने बढत कोठे केली, कोठे थांबली, हे ठाऊक झाल्यावर केलेली ती साथ मैफलीतल्या साथीसारखी नसेल, पण ती ऐकून केलेली साथ असेल.

प्रश्न : तीन संगणकांवरून संकलन चालते. सर्व सेशन (एकेका कामाच्या साऱ्या फाइली) एकाच नेटवर्क स्टोरेजवर ठेवून थेट तेथूनच मुद्रण आणि संकलन करावे का? (नाशिकहून एक ऑडिओबुक निर्माता)

उत्तर : संकलन करता येईल, मुद्रण करू नये. एका ट्रॅकला सेकंदाला १,४४,००० बाइट लागतात. २४ ट्रॅकना साडेतीन मेगाबाइटसुद्धा लागत नाहीत आणि गिगाबिट तार शंभराच्या पुढे मेगाबाइट वाहून नेते. पण संकलित सेशनमध्ये एकेका वाक्याचे दहा तुकडे दहा फाइलींत विखुरलेले असतात, आणि फिरत्या डिस्कच्या हार्ड ड्राइव्हला प्रत्येक उडीसाठी सुमारे दहा मिलिसेकंद लागू शकतात. तीन जण एकदम वाजवू लागले की उड्यांची गर्दी होते आणि आवाज अडखळतो. मुद्रण करताना हा अडथळा आला तर पुस्तक वाचणाऱ्याचा चांगला जमलेला परिच्छेद परत मिळत नाही.

तेव्हा मुद्रण संगणकातल्या एसएसडीवर करावे आणि दिवसाचे काम संपताच सामायिक स्टोरेजवर उतरवावे. स्टोरेजसाठी संगणकाला इथरनेटचे दुसरे पोर्ट बसवून स्वतंत्र स्विच द्यावा, म्हणजे फाइलींची वर्दळ आवाजाच्या वाटेत येणार नाही. एक सेशन एका वेळी एकानेच उघडावे, कारण दोघांनी उघडले तर शेवटी जतन करणाऱ्याचे काम राहते आणि दुसऱ्याचे पुसले जाते. फळ्यावर नाव लिहिण्याची साधी पद्धतही यासाठी पुरते.

स्टोरेजमधील रेड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र वापरण्याची, व्यवस्था हा बॅकअप नव्हे, हे कृपया लक्षात घ्यावे. एक डिस्क बिघडली तर ती काम चालू ठेवते. चुकून पुसलेली फाइल मात्र ती सर्व डिस्कवरून तितक्याच तत्परतेने पुसते. एका तासाच्या एका ट्रॅकला जेमतेम ५२० मेगाबाइट लागतात, आणि आपल्या कामात बहुधा एकच आवाज असतो. त्याच्या तीन प्रती ठेवणे, त्यांपैकी एक स्टुडिओबाहेर दुसऱ्या जागी ठेवणे, सहज परवडेल. स्टोरेजला आणि दोन्ही स्विचना यूपीएस जोडावा. वीज गेल्यावर संगणक चालू राहिला आणि स्विच बंद पडला, तर लिहिली जात असलेली फाइल अर्धवट राहते.